कोनाड्यातली बंदुकीची दारू

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. गॅस बंद केला की मी बटणाला हात लावून बघते. मग बाहेर येऊन कुलूप लावते, कुलूप ओढून बघते, आणि रिक्षात बसले की पुन्हा गॅस आठवतो. नवरा म्हणतो, तुला एखाद्या बँकेच्या दारात पगार देऊन उभी करायला पाहिजे. आमचे घरमालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते मला सायरन म्हणायचे. मी तोंड उघडलं की ते आधीच कानावर हात ठेवायचे. "वाजला सायरन. कुठं आग लागली गो पोरी?"

त्यामुळं खरंच आग लागण्यासारखी गोष्ट समोर आली तेव्हा माझं ऐकायला कुणीच नव्हतं.

बदलापूरच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला, काकांची खोल्यांची बैठी चाळ आहे. काका मूळचे तिथलेच, आगरी. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, त्यांची बरीचशी जमीनही त्यातच गेली, पण ओढ्याकाठचं भाताचं शेत त्यांनी सोडलं नाही. बिल्डरची माणसं आली की काका त्यांना ताक पाजायचे आणि म्हणायचे, "भात इकत घेऊन खायाचा? आमी?" झालं, विषय संपला.

मी नांदेडकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याच्या टेम्पोमागं इकडं आले. इथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. बाळंतपणाला माय येणार होती, पण तिकडं वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ती अडकली. फोनवर ती रडली, इकडं मी रडले. शेजारच्या ओट्यावर काकू भात पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "रडतंस कया? मी काय मेलंय?"

त्यानंतर सगळं त्यांनीच केलं. शेक, धुरी, अळिवाची खीर, बाळाची अंघोळ. मला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा टेम्पो घेऊन भिवंडीला गेलेला. काकांनी रिक्षा आणली, मला दवाखान्यात नेलं, आणि नर्सनं "तुम्ही कोण?" विचारल्यावर बिनधास्त म्हणाले, "बाप." नर्सनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आमच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक. पण काका बाकावरून हलले नाहीत. मुलगी झाली तेव्हा अख्ख्या वॉर्डाला त्यांनीच पेढे वाटले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते की, अशा माणसाला "तुम्ही चुकताय" म्हणायचं कसं? 

काकांकडं बारा बोअरची जुनी बंदूक आहे. पीक राखण्यासाठी दिलेला सरकारी परवाना आहे तिला, वडिलांपासून चालत आलेला. भात लोंबीवर आला की डोंगरातनं रानडुकरं उतरतात, आणि जेवढं खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. काका दिवेलागणीला बांधावर जाऊन एखादा बार काढतात. मारत नाहीत कुणाला. नुसता आवाज. त्या आवाजानं डुकरं पुढचे काही दिवस दुसऱ्याच्या शेतात जातात, मग तो दुसरा काकांना शिव्या देतो, असं ते चालतं.

बंदूक असते कपाटात, कुलपात. देवघराच्या कोनाड्यात मात्र तिचा जोडीदार होता: पत्र्याचा एक उभा डबा, मेणकापडानं तोंड बांधलेला. त्यात बंदुकीची दारू. काकांचे थोरले भाऊ, जे आता नाहीत, ते शिकारी होते, म्हणजे त्या काळात. डबा त्यांचा. दर दसऱ्याला कोयता, विळा, नांगराचा फाळ, बंदूक आणि हा डबा अशी ओळीनं पूजा व्हायची. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल, थोडं तेल. मी आल्यापासून कुंकू लावायचं काम माझ्याकडंच होतं, लेक म्हणून. डब्यावर कुंकवाचा एवढा थर बसला होता की माझं बोट त्यात रुतायचं. मला वाटायचं काहीतरी मसाल्याचं असेल. नाहीतर मी त्याला हात लावला असता होय!

तो डबा कशाचा ते मला कळलं ते एका सकाळी, काकांच्या ओरडण्यानं.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी काकांची बंदूक परत मिळायला उशीर झाला. मिळाली तोवर लोंब्या भरल्या होत्या आणि ओढ्याकडचा कोपरा डुकरांनी लोळवून ठेवला होता. काडतुसांची पेटी उघडली तर आत एकही नाही. कल्याणच्या ज्या दुकानातनं ते काडतुसं आणायचे तिथं फोन केला, तर माल यायला वेळ लागेल म्हणाले.

"येल लागंल! डुकरांना सांगू काय, थांबा, माल येतंय?" काका अंगणात फेऱ्या मारत होते. मग एकदम थांबले. आत गेले, कापडी पिशवी घेऊन आले आणि ओट्यावर उलटी केली. खणखण करत पितळेच्या नळ्या बाहेर पडल्या. बोटाएवढ्या, काळपट, रिकाम्या.

"ही दादाची काडतुसं," ते म्हणाले. "हल्लीच्या प्लास्टिकसारखी नाय, एकदा वाजली का फेकली. ही परत भरायची. दादा हितंच, या ओट्यावर बसून भरायचा. दारू हाय, ठिणगीच्या टोप्या हायेत, माप हाय. आनखी काय पायजे?"

आणि त्यांनी कोनाड्याकडं बोट दाखवलं.

मी मुलीला भरवत होते. घास माझ्याच हातात राहिला. "काका, त्या डब्यात दारू आहे? फुटायची?"

"मग काय गूळ हाय?"

"आणि मी दरवर्षी त्याच्यापुढं निरांजन लावते!"

काका पोट धरून हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गुपचूप निरांजन उचलून दुसऱ्या फळीवर ठेवलं.

इथं माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. उल्हासनगर कॅम्प चारला एका सिंधी शेठच्या गाळ्यात मी कामाला आहे. पावडर कोटिंगचं काम. लोखंडाच्या वस्तूवर रंगाची कोरडी पावडर फवारतात, मग ती वस्तू भट्टीत घालतात, की रंग वितळून पक्का बसतो. मी फवारत नाही. ज्या भोकांत, ज्या आट्यांत रंग जायला नको तिथं टेप नि बुचं लावायची, हे आम्हा बायकांचं काम. पण सगळं समोरच चालतं, त्यामुळं दिसतं.

एकदा कुणाच्या तरी बाल्कनीच्या जाळ्या आल्या होत्या. करडा रंग हवा होता. कोपऱ्यात करड्या पावडरीची अर्धी पिशवी होती, चिठ्ठी निघून गेलेली. फवारणाऱ्यानं चिमूट बोटांत घेऊन बघितली. तोच रंग, तसाच भुगा. घातली यंत्रात. भट्टीतनं जाळ्या बाहेर आल्या त्या देवी आल्यासारख्या, सगळीकडं फोड. ती पावडर दुसऱ्याच जातीची होती, तिला उष्णता वेगळी लागते, आधीच्या पावडरीत मिसळली आणि सगळा सत्यानाश. शेठ खुर्चीवरून उठून आले. "भाई, नाम नहीं लिखा तो डालता क्यूँ है? ग्राहक को क्या बोलूँ, साईं, चेचक निकला है?" तेव्हापासून आमच्या गाळ्यात बिनचिठ्ठीची पिशवी कुणी उघडत नाही. सरळ बाजूला.

आणि ते तर नुसतं रंगाचं. फार तर जाळी बिघडते. इथं काका ती बंदूक गालाला लावणार होते.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो टेम्पोचा आरसा पुसत होता. "अगं, त्यांची बंदूक, त्यांची दारू, त्यांचं शेत. तुला कशाचं टेन्शन?"

"डब्यावर नाव नाही."

"तुझ्या मसाल्याच्या डब्यांवर आहे का?"

"हळद गालावर फुटत नाही," मी म्हणाले. तो हसला, पण आरसा पुसायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी काका ओट्यावर काडतुसं चिंच लावून घासत बसले होते. चांगली चकचकीत केलेली. मी चहा घेऊन गेले आणि हिय्या केला.

"काका, ती दारू कुठली आहे?"

"दादाची."

"दादांनी कुठून आणली?"

काकांना भावाची गोष्ट काढली की बरं वाटतं. त्यांनी चहा बशीत ओतला आणि खुशीत सुरू झाले. दादा म्हणजे काय माणूस! मुंबईहून एक पारशी शिकारी यायचा, त्याचा दादावर भारी जीव. जाताना दादाला काडतुसं द्यायचा, दारू द्यायचा, विलायती. शिवाय खडीच्या खाणीवर सुरुंग लावणारा एक होता, तो दादाचा जिगरी. त्याच्याकडची काळी दारूही यायची. आणि जत्रेत आतषबाजी करणारा तो पलीकडच्या गावचा, त्याच्याकडनंपण कधीमधी.

"म्हणजे यातली कोणती डब्यात आहे?"

"यातलीच कुठली तरी," काका म्हणाले. "सगली एक नंबर मानसं व्हती."

 मी एका अडचणीचं विचारायला गेले होते, तीन समोर आल्या. काकांना मात्र वाटत होतं की जेवढे दोस्त जास्त तेवढी दारूचं खानदान मोठं.

"डब्यावर काही लिहिलेलं होतं का हो?"

"व्हतं की. कागद व्हता चिकटवलेला, इंग्लिशमधी."

आम्ही दोघांनी कोनाड्याकडं बघितलं. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू, तेल, त्यावर पुन्हा हळदकुंकू. कागद होता की नव्हता तेही कळायला मार्ग नव्हता. पूजा करून करून आम्ही त्याचं नाव पुसून टाकलं होतं, आणि शेवटचे काही थर माझ्याच हातचे.

"काका, नका भरू."

"वाजला सायरन!" त्यांनी कानावर हात ठेवले. "आगो पोरी, इतकी वरसं देवाजवल हाय तो डबा. देवाजवलची वस्तू दगा देल?"

 मी रिकामी बशी उचलून आत आले.

आत काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "माजं बोलनं आयकत नाय. तुजं आयकत नाय. ज्याचं आयकतील त्याला बोलवू."

अंबरनाथ पश्चिमेला एक वयस्क गृहस्थ राहतात. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात त्यांची उभी नोकरी गेली, चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे साहेब, म्हणून निवृत्त झाले. दरवर्षी ते काकांकडनं नवा तांदूळ नेतात, आणि काका त्यांना फार मानतात. घरी पंचशीलाचं चित्र, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मोजकं. काकूंनी त्यांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तूच सांग. तुना नीट सांगता येतं."

मी सांगायला लागले. डबा, कुंकू, पारशी, खाण, जत्रा, काडतुसं. श्वास न घेता. 

"ऐकताय ना साहेब?"

"ऐकतोय. डबा हलवलाय का कुणी?"

"नाही."

"हलवू नका. उघडू नका. माझ्याकडं तर बिलकूल आणू नका. त्या खोलीत दिवा, उदबत्ती, विडी काही नको. मी रविवारी येतो."

रविवारी ते शेअर रिक्षानं आले. काका एकदम खुलले. त्यांना वाटलं, आता खऱ्या जाणकाराकडनं दारूची तारीफ ऐकायला मिळणार. शेजारचे दोघे-तिघेही येऊन उभे राहिले, वैद्य नाडी बघायला आल्यावर जमतात तसे. चार्जमनसाहेबांनी चपला काढल्या, चष्मा पुसला आणि कोनाड्यापासून हातभर लांब उभे राहून डबा नुसता बघितला. खालून बघितला, बाजूनं बघितला. पत्र्याला गंज कुठं आहे ते बघितलं. हात पाठीमागं बांधलेले. काकांना प्रश्न विचारले: कधीचा आहे, शेवटचा कधी उघडला, एकाच वेळी भरला की थोडा थोडा करून. शेवटच्या प्रश्नावर काका म्हणाले, "जशी मिलंल तशी दादा टाकायचा."

"त्याच डब्यात?"

"मग काय. दारूत दारू."

चार्जमनसाहेबांनी डोळे मिटले, आणि मग बाहेर येऊन ओट्यावर बसले.

"तर?" काका हात चोळत म्हणाले. "कसली हाय?"

"मला माहीत नाही."

काकांना वाटलं ते गंमत करतायत. "आवो, उघडून दाकवतो ना! दाणं बघा, वास घ्या!"

"उघडून बघितलं तरी मला माहीत नसणार. दाण्यावरनं कळत नाही, रंगावरनं कळत नाही, वासावरनं तर नाहीच. अगदी सारखी दिसणारी दारू दोन निराळ्या जातींची असते. एक सावकाश जळते, दुसरी एकदम. तुमच्या भावाकडं जे माप होतं ते एका जातीचं. त्याच मापानं दुसरी जात भरली तर बंदुकीची नळी फाटू शकते. नळीच्या मागं काय असतं? तुमचा गाल, डोळा, डावा हात नळीखाली. आणि इथं तर मिसळलेली आहे. वर जुनी झालेली. खालचा थर एक वागेल, वरचा थर दुसरं."

"जरा चिमूटभर पेटवून बघू?" शेजाऱ्यानं विचारलं.

"चिमूटभरसुद्धा नाही. आणि ती जळली, तरी त्यावरनं काडतुसाचं काही समजत नाही."

काकांचा चेहरा पडला होता. मग त्यात थोडा टोमणा आला. "साहेब, जिंदगी गेली तुमची या दारूत. आन वलखता येत नाय?"

चार्जमनसाहेबांना राग आला नाही. त्यांनी दोन्ही पंजे पुढं केले आणि बोटं हलवून दाखवली. "ओळखायला गेलो नाही म्हणून ही जागेवर आहेत. आमच्याकडं नाव-नंबर नसलेली वस्तू दिसली की आम्ही अंदाज करत नव्हतो. बाजूला व्हायचं, आणि ज्याचं काम आहे त्याला बोलवायचं. पोलीस ठाण्यात कळवा. परवाना आहे तुमचा, घाबरायचं कारण नाही. ते त्यांची माणसं पाठवतील."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना दुसरा चहा न विचारताच दिला. आमचे शेठ आणि हे साहेब, दोघांचं म्हणणं एकच! मनात म्हटलं, सुटलो.

कुठलं काय. चार्जमनसाहेबांची रिक्षा वळली आणि काका म्हणाले, "आयकलंस ना? त्यांना ठाव नाय."

"हो ना काका!"

"मंजे वायट हाय असं बोललं नाय ते. ठाव नाय बोललं. कदाचित चांगली पन असंल."

 काकूंनी कपाळावर हात मारला. "या मानसाला मी नांदवलंय," त्या भिंतीला म्हणाल्या.

"उद्या सांजच्याला भरतो," काका म्हणाले. "एकच. जास्ती नाय. आवाज काढतो, बघतो. डुकरं काय पोलिसांची वाट बघनार नायत." आणि ते शेताकडं निघून गेले.

 त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढं सारखा काकांचा चेहरा. त्यांची ती पांढरी मिशी, जी माझी मुलगी ओढते. त्यांचे डोळे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नुकते लख्ख झालेले. आणि मला काय येत होतं? नुसतं घाबरायला येत होतं. मी कितीही ओरडले असते तरी तो सायरनच.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगून लवकर निघाले. घरी आले तेव्हा काका ओट्यावर पाट मांडत होते. पितळेचं माप, टोप्यांची डबी, चकचकीत काडतुसं. डबा अजून कोनाड्यातच होता. काकू दारात बसल्या होत्या, तोंड फिरवून.

मी पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले.

"आलंस? बोल. वाजव."

"नाही काका. मी काही बोलणार नाही. तुम्ही म्हणता तर चांगलीच असेल दारू."

त्यांनी संशयानं बघितलं.

"फक्त एक आहे. मी कधी बार बघितलेला नाही. दरवर्षी कानात बोटं घालून घरात बसते. आज तुमच्याशेजारी उभी राहते. अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून."

"तू कशाला?"

"लेक आहे ना. बाप बार काढतो, लेकीनं बघायला नको?"

"आवाज मोठा असतंय. घाबरशील."

"तुम्ही असल्यावर कशाची भीती?"

हे मी काही विचार करून बोलले नव्हते. खरंच सांगते, ठरवलेलं फक्त एवढंच होतं की त्यांना एकटं बांधावर जाऊ द्यायचं नाही. मला घरात बसून तो आवाज ऐकायचा नव्हता, आणि आवाजानंतरची शांतता तर नाहीच नाही. पण बोलल्यावर बघितलं, तर काकांच्या हातातलं माप तसंच राहिलेलं.

"लांब उभी रा. आंब्याच्या झारामागं."

"का? चांगली आहे ना दारू?"

"चांगलीच हाय."

"मग शेजारी उभी राहते."

"नको बोल्लो ना!" काका ओरडले. आजपर्यंत माझ्यावर त्यांचा आवाज चढला नव्हता. आत मुलगी झोपली होती ती उठली. काकूंनी फिरवलेलं तोंड इकडं वळवलं आणि पहिल्यांदा नवऱ्याकडं नीट बघितलं.

"तिच्यासाठी नको," त्या हळू म्हणाल्या, "आन तुमच्यासाठी चालतंय?"

 काकांनी एक काडतूस उचललं, धोतराच्या टोकाला पुसलं, परत ठेवलं. मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि नेहमीसारखी त्यांच्या मांडीवर चढून बसली. तिनं पितळेचं माप उचललं, त्यातनं खोटा चहा प्यायली, आणि मग त्यांनाही पाजला. काकांनी 'सुर्र' करून तो पिऊन टाकला.

"मना ठाव नाय," ते थोड्या वेळानं म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "दादानं कंदी सांगितलंच नाय कुठली ते. त्याला पन ठाव नसंल."

मग पाट उचलला.

पोलीस ठाण्यात ते आणि माझा नवरा गेले. काका परवान्याचं पुस्तक छातीशी धरून, जावयाला भेटायला जावं तसे नवा सदरा घालून. मला वाटलं होतं फार चौकशा होतील. चौकशा झाल्या, पण तिथला हवालदार काकांना बंदूक जमा करताना-नेताना ओळखू लागला होता. तो म्हणाला, "आजोबा, बरं झालं सांगायला आलात, सांगायचं राहून गेलं असतं तर आम्हाला तुम्हालाच शोधायला यावं लागलं असतं." दोन दिवसांनी त्यांची जाणकार माणसं गाडी घेऊन आली. आम्हाला सगळ्यांना रस्त्यापलीकडं उभं केलं. चाळीतली, शेजारची, टॉवरमधली सुद्धा माणसं खाली आली, लग्नाची वरात असल्यासारखी.

"थांबा!" काकू एकदम ओरडल्या. मला वाटलं आता काय झालं. त्या जाऊन गाडीतनं आलेल्या साहेबापुढं उभ्या राहिल्या. "इतकी वरसं पुजलाय. असाच नेनार? हलद-कुकू लावते."

साहेब तरणा होता. त्याला हसूही आवरेना आणि नाही म्हणायलाही जमेना. शेवटी म्हणाला, "आजी, डब्याला नको. लांबनं नमस्कार करा, चालतो." काकूंनी पदर डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडनं नमस्कार केला. त्यांचं बघून सगळ्या बायकांनी केला. मीही केला, आणि मनात म्हटलं, बाबा, इतकी वर्षं शांत राहिलास, उपकार झाले.

त्या आठवड्यात डुकरांनी आणखी एक वाफा खाल्ला. काका रोज सकाळी तो वाफा बघून यायचे आणि मला ऐकवायचे, "तुज्या पावन्यांनी जेवन केलं गो." मी मान खाली घालायची. पण तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ऐकवताना ते हसतायत. संध्याकाळी चाळीतले सगळे मिळून बांधावर पत्रे बडवायला जायचे. माझा नवरा टेम्पो ओढ्यापर्यंत नेऊन हॉर्न वाजवायचा, त्यात त्यानं मागच्या वर्षी बसवलेला तो सुरांचा हॉर्न. डुकरांवर किती परिणाम झाला माहीत नाही, पण टॉवरवाल्यांची तक्रार आली.

मग कल्याणच्या दुकानातनं फोन आला. काका पहिल्याच गाडीनं जाऊन काडतुसं घेऊन आले. कारखान्यातली, खोक्यात बंद, खोक्यावर सगळं छापलेलं. त्यांनी खोकं माझ्यापुढं धरलं. "वाच. सातवी शिकलंस ना? वाच सगलं." मी वाचलं. इंग्रजी अक्षरं एकेक लावत, अडखळत, कंपनीच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचलं. ते मान हलवत ऐकत होते, पोथी ऐकावी तसे.

दिवेलागणीला आम्ही बांधावर गेलो. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. आता त्यांनी आंब्याचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाले, "थोरी मागं, खांद्याच्या मागं. हां. कानावर हात." लोंब्या वाऱ्यानं सळसळत होत्या, डोंगर काळा पडत चालला होता. काकांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला.

आवाज झाला. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले असतील. डोळे मिटले होते ते उघडले तर ओढ्यावरचे बगळे उडालेले, धूर पसरत चाललेला, आणि काका तिथंच, मिशीसकट.

त्यांनी बंदूक खाली घेतली. मग डावा हात वर धरला आणि बघितला. पालथा करून बघितला, उलटा करून बघितला, बोटं मिटली, उघडली. अगदी हळू. मी बघतेय हे लक्षात येताच हात झटकन धोतराला पुसला.

"काय बघतंस?" ते म्हणाले. "चल घरी. चाय टाक."